ईलीच्या पुढे पंप नाही

टक्.

दुपारची वेळ, दोन्ही मुलं झोपलेली, घर इतकं शांत की ओट्यावरच्या बरणीचं झाकण बसल्याच्या आवाजानंही मी दचकले. गरम बरणी निवत आली की पत्र्याचं झाकण आत ओढलं जातं आणि एकदाच वाजतं. मग ती बरणी वर्षभर टिकते. सासूबाईंनी टॉवेलावर पीचच्या बरण्या रांगेनं मांडल्या होत्या आणि स्वतः खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. पण झाकण वाजलं तशा डोळे न उघडता म्हणाल्या, "आणखी दोन राहिल्या."

मी टेबलाशी बसून फोनवर पेट्रोल पंप बघत होते. पंपांचे आकाशातून काढलेले फोटो. छताखालून आमचा ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे जोडायचं चाकांवरचं घर, जाईल का, आत शिरायचं तोंड कुठल्या बाजूला आहे, आणि मुख्य म्हणजे पेट्रोल भरून सरळ पुढून बाहेर पडता येईल का. कारण मला ट्रेलर मागे घेता येत नव्हता. पुढे कितीही न्या म्हणा. डॅलिननं, माझ्या नवऱ्यानं, खाणीच्या नोकरीवर जाण्याआधी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन शनिवार घालवून मला शिकवलं होतं. दर वेळी ट्रक एकीकडे तोंड करून उभा आणि ट्रेलर दुसरीकडे, दोघं भांडून बसल्यासारखे. शेवटी तो म्हणाला, जाऊ दे ब्रिन, तू आपली असेच थांबे निवड जिथे मागे यावंच लागणार नाही. तेव्हापासून धाकट्या रीसची दुपारची झोप जेवढी, तेवढा वेळ मी पंप निवडत होते.

डॅलिन वसंत ऋतूपासून नेवाडातल्या टोनोपाजवळच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. खाणीची राहायची सोय म्हणजे पुरुषांची बराक, एका खोलीत चौघं. गावात भाड्यानं घर मिळत नव्हतं. उरला होता तो गावाबाहेरचा ट्रेलर पार्क, आणि तिथेही जागेसाठी रांग. म्हणून आम्ही कर्ज न काढता मिळेल तो एक जुना, चांगला लांबरुंद ट्रेलर घेतला, रांगेत नाव लावलं, आणि मी मुलांना घेऊन डेल्टा या गावी सासूबाईंकडे येऊन राहिले. रीस पालथा पडायला लागला, रांगायला लागला, सगळं त्यानं फोनवर पाहिलं. टिली पाच वर्षांची. ती एकदा शेजारणीला सांगत होती की माझा बाबा फोनमध्ये राहतो.

सप्टेंबरात आमचं नाव लागलं. पार्क सांभाळणाऱ्या रोंडानं मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की शुक्रवारी पाचपर्यंत या. पाचला जागा रिकामी दिसली तर ती रिकामी, मग रांगेतल्या पुढच्याला देणार. पुढची जागा बर्फ वितळल्यावर सुटली तर सुटली. डॅलिनची शुक्रवारी कामाची पाळी होती आणि नवा माणूस म्हणून सुट्टी मागायची सोय नव्हती. ट्रेलर मीच नेणार होते. मुलांना धरायला सासूबाई सोबत.

"डेल्टाला टाकी भरायची," मी त्यांना वाचून दाखवलं, "राज्याच्या हद्दीवरच्या पंपावर थोडं, ईलीला पुन्हा पूर्ण. ईलीच्या पुढे टोनोपापर्यंत पंप नाही."

"चंद्रावर माणसं गेली तीसुद्धा एवढी तयारी करून गेली नसतील," त्या म्हणाल्या. "आम्ही नुसते निघायचो. अर्ध्या वाटेत तुझ्या सासऱ्यांना आठवायचं की जगात पेट्रोल नावाची एक वस्तू असते."

"मग काय करायचात?"

"मी चालत जायचे. ते गाडी राखायचे."

मी माझा हिशेब सोडला नाही. ट्रेलर जोडला की आमचा ट्रक गॅलनला नऊ मैल जातो. ट्रेलर घरी आणताना डॅलिननं मोजलं होतं. ईली ते टोनोपा एकशे अडुसष्ट मैल, मध्ये डोंगरांच्या चार-पाच रांगा आणि गुरं. टाकी सव्वीस गॅलनची. पोचून पाव टाकी उरायला हवी. तरी वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून दोन लाल कॅन भरून ट्रकच्या हौद्यात ठेवायचे. डॅलिननं ते कामावर जातानाच भरून गॅरेजात ठेवले होते.

तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, टोनोपाला गेल्यावर तू साठवण कुठे करणार? आमच्या चर्चच्या मंडळींत घराघरात वर्षभराचं खाणं साठवायची रीत आहे. सासूबाईंचं तळघर म्हणजे किराणा दुकान. गव्हाच्या बादल्या, राजमा, ओट, मध आणि या बरण्या. मी हसत म्हटलं, चाकांवरच्या घराला तळघर नसतं हो, आणि टोनोपाला दुकान आहे. त्यावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले. दमल्या असतील, असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी मुलांना आंघोळ घालत होते तेव्हा अंगणात धपधप आवाज येत होते. खिडकीतून पाहिलं तर चर्चमधली दोन दणकट माणसं ट्रेलरच्या दाराशी उभी, सासूबाईंशी हात मिळवताना. निरोप द्यायला आली असतील. किती चांगली माणसं, असंही माझ्या मनात आलं. हौद्यावर ताडपत्री व्यवस्थित बांधलेली होती. मी गाठी ओढून पाहिल्या, चाकं पाहिली, जोड पाहिला, दिवे पाहिले. ताडपत्रीखाली काही पाहिलं नाही.

ट्रक पहिल्यापासून जड वाटत होता. पण भरलेला ट्रेलर मी इतक्या लांब कधी ओढलाच नव्हता. असाच वाटत असेल म्हणून मी चालवत राहिले. हद्द ओलांडल्यावर सासूबाईंनी आपलं घड्याळ तासभर मागे केलं आणि टिलीला म्हणाल्या, बघ, नेवाडानं आपल्याला एक तास फुकट दिला. ईलीचा पंप मी फोटोत पाहिला होता अगदी तसाच होता. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, मध्ये भरपूर मोकळी जागा. पंपाचा आकडा मात्र माझ्या अंदाजाच्या पुढे पळत गेला. वाटेत दोन घाट होते, त्यांनी खाल्लं असेल. तिथेच थांबून नीट भागाकार करायला हवा होता. पण रीस भुकेनं लाल झालेला, टिलीला बाथरूमला जायचं होतं. भागाकार करायचा की बाळाला पाजायचं, यात मी पाजलं.

ईली सोडलं आणि वारा समोरून आला. ट्रेलरची रुंद भिंत त्या वाऱ्यात म्हणजे शीड उलटं धरल्यासारखी. ट्रक खालच्या गिअरमध्ये घुरघुरत चढायचा, उतारावरही त्याला ढकलावं लागायचं. करंट नावाच्या वस्तीला पोचेपर्यंत माझं रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त लक्ष होतं. तिथला पंप फार वर्षांपूर्वी बंद पडलाय. दोन चार झाडं, एक फाटा, बस. वाट तिसरा हिस्सासुद्धा झाली नव्हती आणि टाकी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त रिती होती. भागाकार आता करावा लागला नाही, काटाच दाखवत होता. असंच चाललं तर टोनोपाच्या पंचवीस-तीस मैल अलीकडे आम्ही उभे राहणार होतो.

म्हणून मी गाडी कडेला घेतली आणि कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतायला मागे गेले. ताडपत्री सोडली. आत घडीच्या खुर्च्या होत्या आणि पांढऱ्या बादल्या, झाकणं ठोकून बसवलेल्या, एकीवर एक. कॅन नव्हते. मी ट्रेलरचं दार उघडलं. पलंगाखाली बादल्या. न्हाणीत बादल्या. टिलीच्या बिछान्याखाली टॉवेलात गुंडाळलेल्या बरण्या, कपाटात बरण्या, ओव्हनमध्ये मधाचे डबे. बटण दाबून पाहिलं तर पाण्याची टाकीही काठोकाठ.

सासूबाई रीसला कडेवर घेऊन खाली उतरल्या होत्या.

"आर्डिथ," मी त्यांना नावानं हाक मारून म्हटलं, "लाल कॅन कुठे आहेत?"

"गॅरेजात. पेट्रोलचा वास गव्हाला लागतो."

"आणि हे सगळं काय आहे?"

"गहू."

"गहू आहे ते दिसतंय मला."

"मग विचारतेस कशाला?" आणि त्याच दमात म्हणाल्या, "चौघांचं वर्षाचं आहे. टिली नीट खात नाही म्हणून तिच्या वाट्यातलं थोडं घरी ठेवलं."

पाणी कोणी भरलं असं मी विचारलं. त्यांनीच. टोनोपाचं पाणी कसं असतं कोण जाणे, मुलांना बाधलं तर?

मला ओरडायचं होतं. पण ट्रकच्या खिडकीतून टिली टक लावून बघत होती, तेव्हा मी शक्य तितक्या सपाट आवाजात सगळं सांगितलं. डॅलिननं नऊ मैल मोजले ते रिकाम्या ट्रेलरचे. आपला आज सहासुद्धा जात नाही. अर्धा दोष वाऱ्याचा आहे, पण वाऱ्यासाठी जे कॅन ठेवले होते ते डेल्टाच्या गॅरेजात गव्हाच्या वासाची काळजी घेत बसलेत. इथून परत ईलीला जाऊन पेट्रोल आणायचं तर पोचू, पण पाच वाजून जातील. फोनला इथे रेंज नाही. म्हणजे रोंडाला सांगताही येत नाही आणि डॅलिनला विचारताही येत नाही.

सासूबाईंचा चेहरा उतरलेला मी क्वचितच पाहिलाय. त्यांनी रीसला माझ्याकडे दिलं, हौद्यातल्या पहिल्या बादलीची कडी धरली आणि ओढायला लागल्या.

"काय करताय?"

"फेकते. सगळं फेकते. गुरं खातील."

"राहू द्या. गहू फेकून वारा थांबत नाही."

"मग काय करू ते तरी सांग. मी तुझ्या घरासाठी आणलं गं हे. माझ्या मुलाची बायको दुकानाच्या भरवशावर वाळवंटात राहायला निघाली, मी गप्प बसायचं?"

मी ट्रेलरखाली वाकून पाण्याच्या टाकीची तोटी सोडली. पाणी तेवढं सहज टाकता येण्यासारखं होतं आणि वजन त्याचं बरंच असतं. कोरड्या मातीतून ती धार वाहत गेली तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं. वाळवंटाच्या कडेला जन्म गेलेल्या बाईला पाणी सांडताना बघवत नाही. मलाही बघवलं नाही. मी तेवढ्या वेळात विचार करत होते.

नुसता ट्रक, मागे काही न जोडलेला, गॅलनला पंधरा-सोळा मैल सहज जातो. म्हणजे पाव टाकीत टोनोपा आरामात. मग पाव टाकी उरेपर्यंत ट्रेलर जेवढा पुढे नेता येईल तेवढा न्यायचा, हळू चालवून, कारण वाऱ्यात वेग कमी केला की पेट्रोल वाचतं. काटा पावावर आला की रुंद जागा बघून ट्रेलर सोडायचा आणि नुसत्या ट्रकनं गावात जायचं. टाकी भरून मग परत येऊन ट्रेलर न्यायचा.

"घर रस्त्यात सोडून?" सासूबाई म्हणाल्या.

"घर मागून आणता येईल. जागा गेली तर आणलेलं घर ठेवायचं कुठे?"

त्या ट्रकमध्ये जाऊन बसल्या. पुढचे दोन घाट आम्ही बैलगाडीच्या चालीनं चढलो. मागून येणारे ट्रक भोंगा वाजवून पुढे जायचे, टिली त्यांना हात करायची. सासूबाईंनी चष्मा लावला होता आणि माझ्या अंगावरून वाकून त्या काट्याकडे बघत होत्या. मध्येच म्हणायच्या, हलला. मग, नाही, परत आला. एकदा हळूच म्हणाल्या की तुझे सासरे असते तर आत्तापर्यंत मी चालायला लागले असते. मला हसू आलं आणि राग थोडा उतरला.

वॉर्म स्प्रिंग्जच्या फाट्यापाशी काटा पावाला टेकला. तिथे एक बंद पडलेली खानावळ आहे आणि तिच्यासमोर खडीचं मोठं मैदान. मी अर्धं वर्तुळ घेऊन ट्रेलरचं तोंड पुन्हा रस्त्याकडे येईल असा उभा केला, मागे न घेता. चाकांखाली ठोकळे लावले, पुढचा जॅक खाली सोडला, दिव्यांची वायर काढली, साखळ्या काढल्या, खटका उघडला. ट्रक पुढे घेतला तर तो एकदम हलका झाला, ओझं उतरवलेल्या गाढवासारखा पुढे उडाला. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. ट्रेलर खडीवर एकटा उभा होता, खिडकीत टिलीचे पडदे.

"कुणी नेला तर?" टिलीनं विचारलं.

"त्याला पेट्रोल पुरायचं नाही," आजी म्हणाली.

टोनोपाच्या अलीकडे शेवटच्या चढावर फोनला रेंज आली. मी कडेला थांबून रोंडाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि म्हणाली की बाई, मला तुझं वाईट वाटतं, पण वाटेत आहोत म्हणणारे मी फार पाहिलेत. एक कुटुंब दुपारपासून फाटकाशी ट्रेलर घेऊन उभं आहे. पाचला जागा रिकामी दिसली तर रिकामी.

सासूबाईंनी ते शेजारून ऐकलं. "चल," एवढंच म्हणाल्या.

पार्कच्या फाटकाशी खरंच एक ट्रेलर उभा होता, आमच्याहून लहान, एका बाजूचा पत्रा वेगळ्या रंगाचा. एक माणूस, त्याची बायको आणि टिलीच्या वयाची एक मुलगी पायरीवर बसली होती. मी त्यांच्या बाजूनं ट्रक आत घातला तेव्हा त्या माणसानं आमच्यामागे काही जोडलेलं नाही ते पाहिलं आणि बायकोकडे बघून किंचित हसला. जागा आता आपलीच, असं त्याला वाटलं असावं.

आमची जागा म्हणजे दोन ट्रेलरांच्या मधली खडीची पट्टी, विजेचा खांब, नळ आणि एक वाळकं झुडूप. मी थांबते न थांबते तोच सासूबाई उतरल्या. हौद्यातून घडीची खुर्ची काढून त्यांनी ती पट्टीच्या बरोबर मध्यावर उघडली. मला बादल्या उतरवायला लावल्या आणि त्या दोन्ही कडांना ओळीनं मांडून घेतल्या, शेताला दगड लावतात तशा. मग रीसला मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या.

पाचला रोंडा आली, काखेत छोटं कुत्रं.

"ट्रेलर कुठाय?"

"येतोय," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, असं खुर्ची टाकून जागा धरायला हे काय सर्कसचं मैदान आहे?"

"तू म्हणालीस पाचला जागा रिकामी दिसली तर. मी तुला रिकामी दिसते का?"

रोंडानं खुर्चीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, बादल्यांच्या ओळीकडे पाहिलं. एका बादलीवर टिली बसली होती, पाय हलवत. कुत्र्यानं बादली हुंगली आणि शिंकलं. अंधाराच्या आत ट्रेलर इथे दिसला पाहिजे, असं म्हणून रोंडा वळली आणि फाटकाकडे गेली. ती त्या माणसाशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली, एवढं दिसलं.

मुलांना सासूबाईंजवळ ठेवून मी पंपावर गेले, टाकी भरली, एक नवा लाल कॅन घेऊन तोही भरला, आणि उलट्या वाटेला लागले. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. रीस रडतोय असं मला दोनदा वाटलं. वारा आता पाठीमागून होता.

ट्रेलर होता तिथे होता. एकटीनं जोडायचा म्हणजे ट्रक बोटभर मागे घ्यायचा, उतरून बघायचं, पुन्हा बसायचं, बोटभर डावीकडे. नुसता ट्रक मागे घेणं मला जमतं. बऱ्याच खेपांनंतर खटका बसला, साखळ्या घातल्या, दिवे लागले. परत येताना सूर्य समोर होता आणि टोनोपाचे डोंगर तांबूस दिसत होते. मी काट्याकडे एकदाही बघितलं नाही म्हटलं तर खोटं होईल, पण भीती म्हणून नाही, नुसती सवय.

पार्कमध्ये शिरले आणि मग लक्षात आलं. इतक्या दुपारी घालवून मी प्रत्येक थांबा असा निवडला होता जिथे मागे यावं लागणार नाही, आणि शेवटचा, राहायचा, बघायचाच राहून गेला होता. जागेत ट्रेलर मागूनच घालायचा होता. एका बाजूला शेजाऱ्याचा ट्रेलर, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. डॅलिनला आणणारी खाणीची बस यायला अजून वेळ होता.

पहिल्या खेपेला ट्रेलर खांबाकडे निघाला. दुसऱ्या खेपेला झुडपावर. शेजारी खुर्च्या घेऊन बघायला बसले. तिसऱ्या खेपेला माझ्या काचेवर कोणी तरी टकटक केलं. फाटकाशी उभा होता तो माणूस. त्यानं नाव सांगितलं, रेमुंदो.

"तुम्ही वरून स्टिअरिंग धरता म्हणून उलटं होतंय," तो म्हणाला. "हात खाली धरा. आता ट्रेलरचं शेपूट जिकडे न्यायचं, हात तिकडे न्या. घाई नको. मी मागे उभा आहे."

मी हात खाली घेतला. आरशात तो दिसत होता, दोन्ही तळवे वर करून मला बोलावत, मग एका हातानं डावीकडे, मग पुरे म्हणून मूठ. ट्रेलर खांब आणि शेजारी यांच्या मधून, मी हात नेईन तसा, आत गेला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरून चाकांखाली ठोकळे लावले.

मी गेल्यावर सासूबाई गप्प बसल्या नव्हत्या. रेमुंदोची बायको एस्तेला त्यांच्या शेजारी दुसऱ्या घडीच्या खुर्चीत होती, दोघींच्या मध्ये पीचची बरणी उघडी. टिली आणि त्यांची इत्सेल बादल्यांवरून उड्या मारत होत्या. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रेमुंदोही खाणीतच वेल्डर आहे. रांगेत आमच्या मागचं नाव त्यांचंच. सासूबाईंनी स्वतः रोंडाला विचारून पाहिलं होतं, एका जागेत दोन ट्रेलर नाही का चालणार, मी खुर्चीत झोपेन. नाही चालत. वीज, मोरी, नियम. गावातला दुसरा पार्क कधीचा भरलेला.

"मला पहिल्यांदा कळलंच नाही गं, कोणासाठी जागा धरून बसलेय ती," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोणाची अडवून बसलेय, ते."

मी रेमुंदोला जेवून जा म्हटलं. तो म्हणाला, उजेड आहे तोवर निघायला हवं. पेट्रोल किती आहे असं मी विचारलं, आणि नवा कॅन त्याच्या हौद्यात ठेवला. त्यानं घेतला. सासूबाईंनी न विचारता दोन बादल्या आणि कवेत मावतील तेवढ्या बरण्या एस्तेलाच्या दारात ठेवल्या. ती नको नको म्हणत होती. सासूबाई म्हणाल्या की या जास्तीच्या आहेत, माझ्या सुनेला यांचा वैताग येतो. मला तेव्हा वैताग आलेला नव्हता.

इत्सेल खिडकीतून हात हलवत होती. त्यांचा ट्रेलर फाटकातून बाहेर पडला, रस्त्याला लागला, आणि कुठल्या बाजूला वळावं हे ठरत नसल्यासारखा क्षणभर थांबला. मग डावीकडे गेला. उजवीकडच्या वळणावर खाणीची बस दिसत होती, दिवे लावलेली, खाली उतरत येणारी. त्यात डॅलिन होता. वसंत ऋतूनंतर पहिल्यांदा तो रात्री आमच्यात झोपणार होता.

मी टिलीला म्हटलं, बघ, बाबा आला. ती माझा हात धरून उभी होती, पण बघत होती दुसरीकडे, जिथे तो लहान ट्रेलर गेला तिकडे.

"आई," ती म्हणाली, "इत्सेल आज कुठे थांबणार?"